औषध ओढ्यात गेलं, तर तण मेलं कसं?

दादा, उसात मारलेलं तणनाशक पावसात किती वाहून ओढ्यात जातं, हे मी एका मॉडेलच्या, म्हणजे संगणकी गणिताच्या आधारे लिहिलं होतं. त्यावर रायबागेकडून तुम्ही शेतकऱ्यांवर आरोप केल्याचं म्हणत तीन मुद्दे खरमरीत लिहिलेत: औषध वाहून जात असतं तर तण मेलंच नसतं, पाण्याच्या तपासणीत काही सापडत नाही, आणि अमेरिकेच्या गणिताला आपल्या काळ्या रानातलं काय कळतं?

पहिलं सोपं आहे. सगळं औषध वाहतं असं मॉडेल म्हणतच नाही. सहसा शेकडा एक भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी. पण हिशेब करा. हेक्टरी एक किलो ॲट्राझीन हे तणनाशक (पुड्याचं वजन नव्हे, आतला क्रियाशील घटक) मारलं, तर एक टक्का म्हणजे 10 ग्रॅम. रानातून 10 मिलिमीटर पाणी वाहिलं की झालं एक लाख लिटर. म्हणजे बांधाबाहेर लिटरमागे 100 मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मर्यादेचा आकडा 100 आहे, अमेरिकेचा 3, युरोपाचा 0.1. कृष्णेत ते पातळ होतं, मान्य. ओढ्याकाठच्या विहिरीची मला जास्त काळजी आहे.

तपासणीचं म्हणाल, तर मोठा वाटा फवारणीनंतरच्या पहिल्या एक-दोन जोरदार पावसांतच जातो. उसाची आडसाली लावण पावसाळ्यातली, तणनाशक तिच्या पाठोपाठ. महिन्याच्या ठरल्या तारखेला बाटली भरणाऱ्याला ते काही तास गाठ पडणार कसे?

तिसऱ्या मुद्द्यात मात्र दम आहे. पाऊस किती मुरेल नि किती वाहील हे या मॉडेलात ठरवणारी 'कर्व्ह नंबर' पद्धत अमेरिकेच्या मृदा संधारण खात्याने 1950च्या दशकात बसवली. तिच्या तक्त्यात भारी काळी जमीन सर्वांत जास्त पाणी वाहू देणारी. अथणीकडचं कोरडवाहू रान मे महिन्यात हात जाईल इतकं भेगाळतं; वळीव सगळा भेगांत जिरतो, आणि तक्ता म्हणतो वाहिला! भेगा मिटल्या की मग तक्ता बरोबर येतो. पण तुमच्या पाटाच्या पाण्यावरच्या उसाला भेगा पडतात कुठे? रान आधीच ओलं, म्हणजे मिरगाचा पहिला पाऊससुद्धा वाहणारच. तेव्हा कोरडवाहूत मॉडेल घाबरवतं जास्त, बागायतीत नाही.

आरोपाचं म्हणाल, तर दोन दिवसांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर फवारणी थांबवा, एवढंच मी लिहिलं होतं. त्यात तुमचेच पैसे वाचतात.

ओढ्याचं पाणी तपासायचं असेल, तर फवारणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, पाणी चढत असतानाच भरा. गडद काचेची बाटली घ्या, बर्फात ठेवा आणि लवकर प्रयोगशाळेत पोचवा. औषध मारल्याची तारीख चिठ्ठीवर लिहायला विसरू नका.