एरर आला? अजिबात वाचू नका

उबुंटू या संगणकप्रणालीवर एरर आला की तो वाचला जाणार नाही, याची सर्वप्रथम दक्षता घ्यावी. त्यात बरेचदा उपायही छापलेला असतो आणि तो वाचल्यास रात्री साडेअकराला दुसऱ्याला फोन करण्याचे कारणच उरत नाही. इन्स्टॉलेशन अर्धवट असताना लॅपटॉप बंद केला असेल, तर पुढच्या खेपेस पडद्यावर स्वच्छ लिहून येते की डीपीकेजीचे, म्हणजे प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाचे, काम मध्येच थांबले असून 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड तुम्ही स्वतः चालवावी. इतके स्पष्ट बोलणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवू नये.

मदत मागताना मजकूर कॉपी करून पाठवणे टाळावे. मोबाईलने स्क्रीनचा तिरका फोटो काढावा, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके शेवटच्या ओळीवर पडेल असे पाहावे आणि खाली 'चालत नाहीये' एवढेच लिहावे.

आवृत्ती कोणती, असे विचारल्यास 'लेटेस्ट' म्हणावे.

'लॉक मिळत नाही' असे आल्यास थांबू नये. मागे बरेचदा सुरक्षा अपडेट बसत असते, तेवढ्यात दुसऱ्या कोणी लुडबुड करू नये म्हणून हे लॉक असते आणि नव्या आवृत्त्यांत लॉक कोणत्या प्रोसेसने धरले आहे तेही क्रमांकासह दिसते. परंतु जरा वेळ थांबणे आपल्या शानीत बसत नसल्याने लॉकची फाइलच उडवावी.

'पर्मिशन डिनाइड' आल्यास मात्र आमच्या एका नातलगांचा कित्ता गिरवावा. गेल्या आठवड्यात त्यांना एका फोल्डरमध्ये फाइल ठेवता येईना, कारण तो फोल्डर त्यांनीच पूर्वी सुडो ही सर्वाधिकार देणारी कमांड लावून बनवला होता आणि त्याची मालकी रूटकडे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याकडे, गेली होती. 'चाऊन' या कमांडने त्या एका फोल्डरची मालकी बदलली असती तर काम झाले असते. त्यांनी कुठूनशी उचललेली कमांड डकवून मुळापासून साऱ्या फायलींना ७७७, म्हणजे कोणीही वाचावे, बदलावे, चालवावे अशी, परवानगी दिली. एका खोलीची किल्ली सापडेना म्हणून अख्ख्या वाड्याची दारे उखडावीत, तसे. त्यात सुडोला रूटचे अधिकार मिळवून देणारी खूण, सेटयूआयडी बिट, गेली, म्हणजे चूक निस्तरायला लागणारा अधिकारच गेला. एसएसएच या दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाची खासगी किल्ली कोणालाही वाचता येईल अशी झाल्यामुळे एसएसएचनेही ती नाकारली. कोणत्या फायलीला आधी कोणती परवानगी होती, याची नोंद त्यांच्याकडे असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे सगळे नव्याने बसवणे आले. ते मी बसवत असताना शेजारी चहा पीत हे गृहस्थ म्हणाले, "फुकटचं ते शेवटी फुकटचंच."

फुकटचे? मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो हे खटकले. त्याने पिच्छा पुरवला आणि एक्सझेड युटिल्स या फायली आक्रसणाऱ्या फुकट साधनात दडवलेला बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, जगासमोर आला. तो प्रकल्प बिनपगारी सांभाळणाऱ्या माणसामागे त्याआधी 'नवी आवृत्ती कधी' असा तगादा लावला जात होता. कोणी अर्ध्या सेकंदाचा माग काढतो आणि तुम्हाला डोळ्यांसमोरची एक ओळ वाचवत नाही! इंग्रजी येत नाही ही सबबही सांगू नका, कर्जाचे फॉर्म तुम्ही बरोबर भरता. ओळ वाचा. कळली नाही, तर अक्षर न बदलता पाठवा आणि आधी काय काय डकवले तेही सांगा. 'मी काहीच केले नाही' हे वाक्य आता बंद करा. आणि बॅकअप कुठे आहे असे मी विचारले, की 'तो आपोआप होत नाही का?' असे उलट मला विचारू नका.