काकूंच्या गालावरच्या फरश्या

आज सकाळी दवाखान्यात एक काकू आल्या, पदर गालावर घट्ट धरून. बाजूला केला तर दोन्ही गालांवर ओळीनं आयताकृती काळे डाग, फरशी बसवल्यासारखे. पुतण्याच्या लग्नासाठी कुठल्याशा पार्लरात 'फोटोफेशियल'चं सहा सिटिंगचं पॅकेज घेतलेलं. पहिल्याच सिटिंगला हा प्रताप!

फोटोफेशियल म्हणजे आयपीएल, क्रिकेटचं नव्हे, 'इंटेन्स पल्स्ड लाइट'. लेसर नव्हे, झेनॉन दिव्याचा लखलखाट. साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा मिश्र प्रकाश, फिल्टर लावून खालच्या लहरी अडवायच्या. हा प्रकाश मेलॅनिनला, म्हणजे कातडीतल्या रंगद्रव्याला, तापवतो. उन्हाचा तपकिरी ठिपका तसाच खपली धरून पडतो. पण आपल्या कातडीच्या वरच्या थरात मेलॅनिन सगळीकडेच पसरलेलं! गोऱ्या कातडीचं सेटिंग सावळ्या गालावर ठेवलं की ठिपक्याबरोबर भोवतालची कातडीही भाजते, आणि हातात धरायच्या हँडपीसच्या काचेचा अख्खा ठसा उमटतो.

सावळ्या कातडीला ५९० किंवा ६४० चा फिल्टर, ऊर्जा कमी, पल्स (एकेक लखलखाट) लांब. एक मोठा फटका न देता दोन-तीन तुकडे, मध्ये थंड व्हायला काही मिलिसेकंद. गार जेल सगळीकडे सारखं, कारण ते जिथे सुटतं तिथे भाजतं. आणि कानापुढे एक टेस्ट शॉट मारून निदान आठवडाभर थांबायचं. उन्हानं ताजी रापलेली कातडी असेल तर महिनाभर हात लावायचा नाही. यातलं काय केलं त्या पार्लरनं? शून्य. 'थोडं चुरचुरेल' एवढं मात्र सांगितलं.

बरं, संताप खरा पुढेच आहे. काकूंना उन्हाचे ठिपके नव्हतेच, वांग होता. वांगावर आयपीएल मारलं की तो बऱ्याचदा थोडे दिवस फिका पडतो आणि मग आणखी गडद होऊन परततो.

मान्य, जाणत्या हातात, नीट निवडलेल्या डागावर आयपीएल झकास चालतं. असो.

तांबड्या एलईडी दिव्यांचा मास्क त्या मानानं गरीब. ६३३ नॅनोमीटरचा तांबडा आणि जोडीला ८३० चा न दिसणारा अवरक्त प्रकाश, भाजत नाही. पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाला चालना देऊन कोलॅजेन, म्हणजे कातडीला घट्ट ठेवणारं प्रथिन, थोडं वाढवतो. मास्कवर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॉट लिहिलं असेल तर दहा मिनिटांत १८ ज्यूल मिळतात. आठवड्यातून तीनदा, दोन-तीन महिने, डोळ्यांवर झाकण ठेवून. बारीक सुरकुत्या जरा मऊ होतात, एवढंच. डाग जात नाहीत, आणि वांग असेल तर तोही जपूनच.

काकूंचं शिलाई मशीन खिडकीशी आहे म्हणे, तीस वर्षं. 'मी कुठे उन्हात जाते?' अहो काकू, उन्हातला यूव्हीए हा अतिनील किरण काचेतून आत येतो! २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाचा फोटो आला होता. खिडकीकडचा गाल सुरकुत्यांनी लोंबलेला, दुसरा जवळजवळ ठणठणीत. म्हणून मशीन भिंतीकडे सरकवा. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून सनस्क्रीन, दर दोन तासांनी. रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, कारण वांगाला नुसता उजेडही चेतवतो.

काळे डाग उतरायला कित्येक महिने लागतील. लग्न वीस दिवसांवर. काकू रडल्या नाहीत. उठताना एवढंच विचारलं, उरलेल्या पाच सिटिंगचे पैसे परत मिळतील का हो?