पोट बघून मुलगा-मुलगी कळत नाही

दिवस गेल्याची बातमी घरात पसरली की एक यादी हमखास फिरत येते. पोट पुढे नि खाली आलं तर मुलगा, वर नि गोल असलं तर मुलगी. बाळाचे ठोके १४०च्या वर गेले तर मुलगी. गोडाचे डोहाळे मुलीचे, खारटाचे मुलाचे. मुलगी आईचं रूप घेते, म्हणून चेहरा काळवंडतो. उलट्या फार झाल्या तर मुलगीच. आणि चिनी तक्ता म्हणे शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर येतो. खाली 'अनुभवाचे बोल' असं लिहिलेलं असतं. मला ही यादी निरुपद्रवी वाटत नाही, म्हणून एकेक दावा तपासते.

पोटापासून सुरुवात करू. पहिलटकरणीच्या पोटाचे स्नायू घट्ट असतात, त्यामुळे पोट वर दिसतं. पुढच्या खेपेला तेच स्नायू सैलावतात आणि पोट खाली येतं. बाईची उंची, बाळ आडवं आहे की डोकं खाली करून आहे, गर्भजल किती आहे, यांवरही आकार ठरतो. मुलग्यांचं जन्माचं वजन सरासरी शंभरेक ग्रॅमने जास्त असतं, पण तेवढ्याने पोटाची ठेवण बदलत नाही. नवव्या आठवड्यापर्यंत तर मुलगा आणि मुलगी यांची बाहेरची जननेंद्रियं सारखीच दिसतात. सोनोग्राफीतही फरक ओळखू येतो तो साधारण बारा ते चौदा आठवड्यांनंतर.

ठोक्यांचा दावा जास्त फसवा आहे, कारण त्यात आकडा आहे. आणि आकडा दिसला की माणूस विश्वास ठेवतो. पण हा आकडा बाळाच्या वयाप्रमाणे बदलतो. सहाव्या आठवड्यात मिनिटाला एकशे दहाच्या आसपास ठोके असतात, नवव्या-दहाव्या आठवड्यात ते १७०पर्यंत चढतात, मग हळूहळू उतरतात आणि शेवटच्या महिन्यांत ११० ते १६०च्या दरम्यान राहतात. म्हणजे या यादीच्या हिशेबाने एकच बाळ सहाव्या आठवड्यात मुलगा आणि नवव्या आठवड्यात मुलगी! बाळ हललं तरी ठोके वाढतात, झोपलं की कमी होतात. मुलग्यांचे आणि मुलींचे ठोके मोजून पाहिले गेले आहेत, आणि त्यांवरून लिंग ओळखता येत नाही असंच आढळलं आहे.

डोहाळ्यांबद्दल फार लिहायला नको. गोड आणि खारट दोन्ही खावंसं वाटणाऱ्या बाईला या यादीत जागाच नाही, आणि अशा बायकाही असतातच.

'मुलगी आईचं रूप घेते' हे वाक्य मात्र मला झोंबतं. गालांवर वांग येतो तो गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे आणि उन्हामुळे. पोटात मुलगा असला तरी येतो. थकलेल्या बाईला तिच्या तोंडावर 'उतरलीस' म्हणायचं आणि त्याचा ठपका न जन्मलेल्या मुलीवर ठेवायचा, हे आपण कौतुकाच्या सुरात करतो.

उलट्यांच्या दाव्यात कणभर तथ्य आहे, तेही सांगायला हवं. १९९९ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत उलट्यांमुळे दवाखान्यात भरती व्हावं लागलेल्या बायकांमध्ये शंभरातल्या साधारण ५६ जणींना मुली झाल्या. एरवी हे प्रमाण ४९च्या आसपास असतं. म्हणजे इतक्या टोकाच्या त्रासातही चव्वेचाळीस जणींना मुलगेच झाले. नेहमीच्या सकाळच्या मळमळीवरून तर काहीच ठरवता येत नाही. माझ्या पहिल्या खेपेला मला पाणीसुद्धा टिकत नव्हतं. भोवतालचे सगळे 'मुलगी आहे, म्हणून होतंय' म्हणत राहिले आणि सलाइन लागायला दोन दिवस उशीर झाला. तेव्हापासून ही यादी मला गंमत म्हणून वाचता येत नाही.

चिनी तक्ता आईचं वय आणि गर्भ राहिल्याचा महिना घेऊन उत्तर देतो. स्वीडनमधल्याच सुमारे २८ लाख जन्मांवर तो ताडून पाहिला गेला. २०१० साली निष्कर्ष आला, साधारण निम्मी उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही तेवढीच येतात. 'आमच्याकडे खरं ठरलं' असं लाखो घरांत मनापासून म्हटलं जातं ते यामुळेच. चुकलेला अंदाज बारशापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही, बरोबर आलेला पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो.

लिंग ठरतं ते गर्भधारणेच्या क्षणी. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणू एक्स घेऊन आला तर मुलगी, वाय घेऊन आला तर मुलगा. नेटी स्टीव्हन्स या संशोधिकेने १९०५ साली किड्यांच्या पेशींत हा फरक पाहिला. वाय गुणसूत्रावरचं, वृषण घडवण्याची सुरुवात करणारं जनुक १९९० साली सापडलं. यात आईच्या खाण्याचा, चेहऱ्याचा, चालण्याचा काही हात नाही. दिवस गेल्यावर मुलगा व्हावा म्हणून दिली जाणारी पूड किंवा काढा ठरलेलं लिंग बदलू शकत नाही. त्यात काय मिसळलंय हे माहीत नसताना ते बाळापर्यंत पोचतं, एवढंच होतं.

गरोदर बाईचं शरीर काही सांगत नाही असं नाही. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. लघवी कमी आणि गडद होतेय, घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, तर शरीर कोरडं पडतंय. शेवटच्या महिन्यांत बाळाची हालचाल मंदावली, रक्त दिसलं, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टरकडे जायचं. पुढच्या वेळी कुणी यादी पाठवली तर उत्तरात ही लक्षणं पाठवा.