टॉप स्पीड विचारणाऱ्यांनो, आधी चेन बघा!

पॉकेट बाईक, म्हणजे गुडघ्याएवढी चिमुकली रेस बाईक, घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "टॉप स्पीड किती?" आणि विकणारा छाती फुगवून सांगतो, "ऐंशी आरामात!" अहो, कार्टिंग ट्रॅकवर धड सरळ पट्टा मिळायची मारामार. तिथे ऐंशी जाणार कुठे, टायरांच्या भिंतीत?

दोरी ओढून चालू होणारी ४९ सीसीची ती चिनी टू-स्ट्रोक दिसायला पोलिनीसारखी, म्हणजे खऱ्या इटालियन रेसिंग पॉकेट बाईकसारखी असते. खेळणं म्हणून विका ना, कोण नाही म्हणतंय? पण वर 'रेस बाईक'चं स्टिकर चिकटवून, आणखी "पार्ट सगळे मिळतात" असं कशाला ठोकून द्यायचं? कुठला पार्ट, ते तरी ठाऊक आहे का? चेन दोन जातींची येते. २५एचची पिच (दोन पिनांमधलं अंतर) ६.३५ मिमी, टी८एफची ८ मिमी. एकीचं स्प्रॉकेट दुसरीला बसत नाही म्हणजे नाही. पिस्टनचंही तेच. ४४ मिमीचा मागवलात तरी त्यातून जाणारी पिन १० मिमीची की १२ची, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार "एकच असतो हो" म्हणाला तर सरळ दुसरं दुकान गाठा.

क्लचवर तर बोलायलाच नको. इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा तो सेंट्रीफ्यूगल क्लच; त्याच्या स्प्रिंगा मऊ असल्या की इंजिन ताकदीत यायच्या आधीच क्लच पकडतो आणि गाडी कोपऱ्यातून बाहेर पडताना मरगळते. मग शहाणे लोक कार्ब्युरेटरचे स्क्रू पिळत बसतात! दुसरीकडे ७५ किलोचा माणूस उंच (टॉप स्पीडसाठीच्या) गिअरिंगवर बसवला की प्रत्येक वळणावर क्लच घसरतो, बेल (क्लचची बाहेरची वाटी) तापून निळी पडते आणि तिला आतून घासणारे शू जळतात. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय पुढच्या स्प्रॉकेटचा. मागे ५४ दात असताना पुढचे ७चे ६ केले की मागचे भागिले पुढचे हे गुणोत्तर ७.७ वरून ९ वर जातं, म्हणजे ओढ वाढते आणि टॉप स्पीड उतरतो. तेवढाच फरक मागच्या बाजूने साधायचा तर ५४चे ६३ करावे लागतील. पण नाही, घेणाऱ्याला टॉप स्पीड कमी झालेला चालत नाही!

आणि ते ऑइल. २५:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल, मापाने. "थोडं जास्त टाकलं की इंजिन टिकतं" ही अक्कल कोणी वाटली देव जाणे. ऑइल वाढलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक छिद्रातून) पेट्रोल कमी जातं, हवेच्या मानाने मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं, वर प्लग काजळतो तो वेगळाच. घरच्या स्कूटरचं उरलेलं फोर-स्ट्रोक ऑइल ओतणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

सहा फुटी माणसाला ६.५ इंची चाकांवर बसवणारेही थोर. हँडल वळवलं की गुडघ्याला लागतं. एफआयएम मिनीजीपी या पोरांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत १० ते १४ वर्षांची पोरं ओहव्हाले या इटालियन छोट्या रेस बाईकवर बसतात आणि तिची चाकं १० इंची असतात. मोठ्या माणसाने निदान तेवढ्यापासून तरी बघायला सुरुवात करावी. महाग आहे, मान्य. पण चिनी गाडीला क्लच, बेल, चेन आणि पिस्टन घालून झाल्यावर हिशोब मांडा. आणि नंतर ती रस्त्यावर काढायचं मनातसुद्धा आणू नका. हिला नंबर मिळत नाही.

जुनी घेताना लोक प्लास्टिकचे ओरखडे मोजतात. अहो, टाकी काढून हँडलच्या नळीजवळचं वेल्डिंग बघा, तडा तिथे जातो. दोन तुकड्यांची रिम असेल तर बोल्टला पाना लावायच्या आधी टायरची हवा पूर्ण सोडा, नाहीतर रिमचा अर्धा भाग अंगावर उडेल. मग इंजिन बंद ठेवून हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टोकापर्यंत फिरवा आणि दोन्हीकडे थ्रॉटल पिळून सोडा. टचकन परत आला नाही, केबल कुठे अडकते असं वाटलं, तर ती दोरी ओढूही नका.