संदर्भ हवा, आज्जा!

मराठी ही वजनदार भाषा आहे, हे मला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात कळलं. वजनदार म्हणजे खरोखरीच. इंग्रजीचं एक अक्षर संगणकाच्या पोटात एका बाइटात मावतं. आपल्या देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. काना तीन, वेलांटी तीन, अनुस्वार तीन, अक्षराचा पाय मोडला तर त्या मोडलेल्या पायाचेही तीन. 'हळद' लिहिलं की ९ बाइट झाले. 'ऐतिहासिक' लिहिलं की २४. हे ज्ञान तसं निरुपद्रवी आहे, फक्त ते परीक्षेच्या गुणांना जोडायचं नसतं.

आमच्या सरांनी जोडलं.

"यंदा प्रकल्प वहीत नाही, विकिपीडियावर," सरांनी जाहीर केलं. पाच जणांचा एक गट, गटाला मराठी विकिपीडियावरचं एक पान, विषय आपल्या भागातला. गुण कसे देणार, या प्रश्नाला सरांकडं उत्तर तयार होतं. विकीच्या प्रत्येक पानाला 'इतिहास' असतो. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं तिथं कायमचं राहतं, आणि प्रत्येक बदलापुढं आकडा येतो: मजकूर वाढला तर हिरवा अधिक, घटला तर लाल उणे. तो हिरवा आकडा बघून सरांचा चेहरा असा खुलला, की माझ्या पोटात तेव्हाच गोळा यायला हवा होता. "कुणी किती काम केलं त्याची भांडणंच नकोत," सर म्हणाले. "ज्याचे बाइट जास्त, त्याचे गुण जास्त."

वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या माणसानं १९९५ साली पहिली विकी सुरू केली, ती कुणीही यावं आणि कुणाचंही लिखाण सुधारावं म्हणून. २००१ मध्ये विकिपीडिया आला आणि २००३ च्या महाराष्ट्र दिनाला मराठी विकिपीडिया. या सगळ्या रचनेमागं एक भाबडा विश्वास आहे: येणारा माणूस पान नीट करायलाच येतो. त्या बिचाऱ्यांच्या डोळ्यांपुढं अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण नव्हते.

विषय निवडताना आम्हाला उशीर झाला. आयर्विन पूल एका गटानं पळवला. गणपती मंदिर दुसऱ्यानं. विष्णुदास भाव्यांचं १८४३ चं 'सीता स्वयंवर' तिसऱ्यानं, म्हणजे सांगलीची नाट्यपंढरीही गेली. भडंग उरलं होतं, पण त्यावर लिहिताना ते संपायचं आणि लेख तसाच राहायचा. शेवटी आमच्यातला हरिपूरचा मुलगा म्हणाला, "पेवांवर लिहू की."

कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात ते हरिपूर सांगलीला अगदी लागून आहे. तिथं जमिनीत खोल खड्डे खणून त्यात हळद साठवायची जुनी रीत. वर तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद भरली, तोंड बंद केलं, वरून माती ओढली, की वरून चालणाऱ्याला पायाखाली लाखोंचा माल आहे याचा पत्ता नाही. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली आणि तेव्हापासून माल गोदामांकडं वळला. विषय म्हणून सोन्यासारखा. पानाचं नाव 'हळदीची पेवे' ठरलं आणि दुसऱ्या दिवशी बाइटांचं पेव फुटलं.

गटात हरिपूरचा, तासगावचा, विट्याचा, मिरजेची आणि विश्रामबागेची मी. तासगावच्यानं पहिल्याच संध्याकाळी पानावर बेदाणे आणले. का, तर बेदाणाही साठवावा लागतो. मिरजेचीनं सतार आणि तानपुरा आणला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये. म्हणजे नातं आहेच, असं तिचं म्हणणं. त्यावर तिनं दोन परिच्छेद लिहिले. तंबोऱ्याचा भोपळा कुठून येतो, तो कसा वाळवतात, सगळं. पेवाबद्दल पानावर तोवर दीड ओळ होती.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की मराठी आकडा इंग्रजी आकड्याच्या तिप्पट जड असतो. एका रात्रीत पानावरचे सगळे आकडे मराठी झाले. भाषाभिमान म्हणून सरांनी वर्गात कौतुक केलं. त्याच धोरणात हळदही निव्वळ हळद राहिली नाही, ती 'अत्यंत ऐतिहासिक, पारंपरिक व बहुगुणी अशी सुप्रसिद्ध हळद' झाली, आणि पेव हे 'जमिनीमध्ये जमिनीच्या खाली खणण्यात येत असलेला खड्डा' झालं. पेव जमिनीच्या वर खणता येत असतं तर त्यांनी तेही लिहिलं असतं.

मिटिंगा कँटीनमध्ये व्हायच्या. पाच जण एका टेबलाला, पाच मोबाइल, आणि सगळ्यांना दुरुस्त करायचा असतो तोच परिच्छेद. दोघांनी एकाच वेळी एकच ओळ बदलली तर जो आधी जतन करतो तो सुटतो. मागून येणाऱ्याच्या पडद्यावर 'एडिट कॉन्फ्लिक्ट' उभा राहतो: हा त्याचा मजकूर, हा तुझा, आता तूच निस्तर. वाद पेव किती खोल यावरून होता. सांगलीत फूट हे माप मुख्यतः पावसाळ्यात लागतं: आयर्विन पुलाजवळ ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ साली कृष्णेचं पाणी ५७ च्या वर गेलं तेव्हा सगळ्यांनी मोजणंच सोडलं होतं. ते सवयीचे फूट आता जमिनीत उलटे निघाले. एक म्हणे २० फूट, दुसरा म्हणे २५. विट्याचा काही न बोलता जतन करत होता. त्यानं ३० करून टाकले.

आता विट्याच्याबद्दल. त्याच्या घरी गलाईचा धंदा, म्हणजे दुसऱ्याचं सोनं वितळवून नव्यानं ओतून देणं पिढीजात. मजकुराच्या बाबतीत मात्र त्यानं वितळवायचेही कष्ट घेतले नाहीत. एका वृत्तपत्रातला आख्खा लेख त्यानं उचलून पानावर ठेवला, अगदी 'आमच्या प्रतिनिधीकडून' या शब्दांसकट. हिरवा आकडा चार हजारांच्या पुढं गेला. विकिपीडियावर दुसऱ्याचं छापील लिखाण तसंच टाकणं चालत नाही, तो प्रताधिकाराचा भंग होतो. ते काढायलाच हवं होतं. मी काढलं. इतिहासात त्याच्या नावापुढं अधिक चार हजार, माझ्या नावापुढं उणे चार हजार. चोरीचा माल परत केल्याबद्दल माझ्या नावावर कर्ज.

"तू कशाला हात लावलास?" विट्याचा म्हणाला. "राहिलं असतं की."

मी तासगावचे बेदाणे काढले, ते उणे. 'सुप्रसिद्ध' काढलं, तेही. जमिनीच्या खालची जमीन काढली. पान वाचण्याजोगं होत गेलं आणि माझा आकडा लालच्या लाल. फक्त मिरजेचीच्या तंबोऱ्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. तिला नियम पाठ होते.

इतकं होऊनही पेवाची मूळ माहिती पानावर नव्हतीच. तेव्हा हरिपूरचा म्हणाला, "आज्जाला विचारू. त्यानं उभी हयात पेवातच काढलीय."

आज्जा खरोखरच खजिना निघाला. आतून उसाचा पाला आणि चटया कशा लावायच्या, हळद भरताना पोत्यांचा धंदा कसा चालायचा, आणि मुख्य म्हणजे उतरायची रीत. "त्वांड उघाडलं की लगीच उतरायचं न्हाई," आज्जा म्हणाले. "आतली हवा वंगाळ आसती. वाट बघायची. मग दोरीनं कंदील सोडायचा. इझला तर वरच बिडी वडत बसायचं." मी भराभरा लिहून घेतलं. सुटसुटीत, खरं, पहिल्यांदाच पेवाबद्दल असलेलं. त्याच रात्री पानावर चढवलं आणि माझ्या नावापुढं आयुष्यातला पहिला हिरवा आकडा आला.

सकाळी प्रत्येक वाक्याच्या शेपटीला कंसात दोन शब्द लागले होते: 'संदर्भ हवा'. मिरजेचीनं लावले होते. चुकीचंही नव्हतं. विकिपीडियाला छापलेला, कुणालाही पडताळता येईल असा आधार लागतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिथं चालत नाही.

हरिपूरच्यानं हे घरी सांगितलं. पुढचं संभाषण मी प्रत्यक्ष ऐकलं, कारण आम्ही त्याच ओसरीवर होतो.

"संदर्भ म्हंजी?"

"म्हणजे हे कुणी सांगितलं ते, आज्जा."

"म्या सांगितलं की."

"तू चालत नाहीस."

"का? मी मेलोय व्हय?"

"मेला असतास आणि तुझ्यावर पुस्तक असतं तर चाललं असतं."

आज्जा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग पुस्तक लिव्हणाऱ्याला कोण सांगनार हाय? त्येबी हितंच येनार न्हवं?" याला विकिपीडियाच्या धोरणात काय उत्तर आहे ते मिरजेचीलाही सापडलं नाही. तिनं आज्जांना चर्चा पानावर मत मांडायला सुचवलं, तिथं चार नागमोडी चिन्हं काढली की सही होते. "मी सही सरळ करतो," आज्जा म्हणाले. "ही वाकडी कुनाची?"

आम्ही वाचनालय पालथं घातलं. हळदीची पुस्तकं मिळाली: बेणं, लागण, करपा, शिजवणं, पॉलिश. पेवात उतरणाऱ्या माणसावर एक ओळ नाही. पेवं भेटली ती थेट २००५ च्या बातम्यांत, पाणी शिरलं तेव्हाची. त्यामुळं आमच्या पानावर पेव आधी भक्कम संदर्भासह बुडालं आणि ते खणायचं कसं, याला संदर्भ मिळेना.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी नातवानं आपला मोबाइल बोलून टाइप करायच्या सोयीवर लावला, विकीचं पान उघडलं, आज्जांच्या हातात दिला आणि तो क्रिकेट खेळायला गेला. परतल्यावर त्यानं न वाचता जतन केलं. हिरवा आकडा बघून आम्हाला आधी वाटलं पानावर हल्ला झाला. विट्याच्याचा विक्रम केव्हाच मागं पडला होता. आज्जांनी मार्केट यार्डातल्या सौद्यांपासून राजापुरी हळदीच्या वासापर्यंत सगळं सांगितलं होतं, आणि मोबाइलनं इमानानं सगळं लिहिलं होतं: "कंदील विझला तर उतरायचं नाही कोण हाय रं दारात बस की चहात साखर कमी घाल म्हणावं म्हातारीला तर कुठं होतो मी हां कंदील."

चहा काढायलाच हवा होता. ज्ञानकोशात म्हातारीनं साखर किती घालावी याला जागा नाही, संदर्भ असला तरी. पण काढणार कोण? काढेल त्याला उणे. रात्री अकराला पाचही जण पानावर हजर होतो, 'अलीकडील बदल' बघत, आणि कुणी बोट हलवत नव्हतं. मिरजेचीनं गटावर लिहिलं, "मी टॅग लावू शकते." टॅगचे बाइट अधिक असतात. मध्यरात्रीच्या सुमारास एक सांगकाम्या आला. मराठी विकीवर आपोआप फिरून बारीकसारीक कामं करणाऱ्या प्रोग्रामला हे नाव आहे. आम्ही श्वास रोखून बघितलं. त्यानं पानाला एक वर्ग जोडला, चहाला हात लावला नाही आणि निघून गेला. सांगितलेलंच काम करतो तो.

शेवटी मीच काढलं. एवीतेवी बुडालेच होते.

गुणांच्या तक्त्यात हरिपूरचा पहिला, विट्याचा दुसरा. उणे गुण द्यायची विद्यापीठाची पद्धत नाही म्हणून मला शून्य. मी सरांकडं गेले आणि म्हटलं, एकदा पान तर वाचा. सरांनी तिथंच बसून आख्खं वाचलं. "सुटसुटीत झालंय की गं," ते मनापासून म्हणाले. "फापटपसारा कुठं नाही. हे मला फार आवडलं." शून्य तसंच ठेवलं.

हरिपूरला पेढे घेऊन गेलो तेव्हा आज्जांनी विचारलं, मला किती पडले? नातू म्हणाला, तुझे नाही, माझे पडले. हे त्यांना पटलं नाही. त्यांनी त्याच्याकडून स्वतःचं खातं उघडून घेतलं आणि पानावर पहिलं संपादन केलं: मिरजेचीच्या तंबोऱ्याच्या परिच्छेदात, भोपळा कसा वाळवतात त्या वाक्यापुढं, कंसात दोन शब्द.

ती भडकलीय. सतारमेकर गल्लीत तिच्या मामांचं दुकान आहे. मामांनी काल तिला मोबाइलवर बोलून कसं टाइप करतात ते विचारलं.