तेवढा लाईट घालवून दे

गाडीच्या डॅशबोर्डवर ते पिवळं इंजिनाचं चित्र लागलं की आपला माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर गाडी बंद करून परत चालू करतो. परत लागलं तर परत बंद करतो. मग आठ दिवस तसाच फिरतो, जाईल आपोआप म्हणून. मग गॅरेजला फोन. आणि आमच्या सोसायटीत हल्ली गॅरेजच्याही आधी मला फोन, कारण माझ्याकडे स्कॅनर आहे.

स्कॅनर म्हणजे फार काही नाही हो, मुठीत मावेल एवढी ब्लूटूथची डबी. हजार रुपयांच्या आत ऑनलाईन मिळते. स्टेअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी वाकून बघितलं की सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, तिथे ती खुपसायची आणि मोबाईलवर ॲप उघडायचं, की गाडी मनातलं सांगायला लागते. अमेरिकेत हे सॉकेट १९९६ पासून सक्तीचं आहे, आपल्याकडे बीएस-४ च्या, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या आधीच्या नियमांच्या, काळात २०१३ ला आलं, त्यामुळे त्यानंतरची कुठलीही पेट्रोल-डिझेल गाडी असो, डबी बहुतेक चालते. मी ती का घेतली, तर एका सर्व्हिस सेंटरवाल्यांनी माझ्या गाडीला त्यांचा मोठा स्कॅनर लावून बिलात 'स्कॅनिंग चार्जेस' म्हणून जी रक्कम लिहिली ती बघून, आणि त्याच्यापुढे रिमार्क काय, तर 'चेक्ड ओके'. लाईट चालूच होता. ओके होऊन चालू.

तर डबी घेतली आणि इथेच सगळं चुकीच्या दिशेला गेलं, कारण बायकोने ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. नात्यात कुणी डॉक्टर झाला की लग्नाच्या पंगतीत सुद्धा लोक त्याच्यासमोर जीभ काढून बसतात, तसं माझं झालंय. रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन पार्किंगमध्ये गेलो की कुणीतरी बॉनेट उघडून उभाच असतो.

पहिले पेशंट आहेर काका. ते मुलीकडे बंगलोरला महिना-दीड महिना राहून आले, आल्यावर गाडीला चावी लावली तर डॅशबोर्डवर सगळेच लाईट. एबीएस, एअरबॅग, पॉवर स्टेअरिंग, इंजिन, अजून एक-दोन ज्यांची नावं मॅन्युअल बघितल्याशिवाय मला पण सांगता येत नाहीत. काका खचले होते. तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी त्यांना 'ईसीएम गेला, लाखभर धरून चला' असं सांगून ठेवलेलं, ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. डबी लावली तर कोडांची, म्हणजे गाडीने स्वतःच नोंदवलेल्या तक्रारींच्या नंबरांची, ही भलीमोठी रांग, आणि बरेचसे 'यू' ने सुरू होणारे. आता कोडाचं पहिलं अक्षर म्हणजे खातं असतं, पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टेअरिंग वगैरे, आणि यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं बंद पडलंय. एकाच दिवशी एवढे पार्ट जात नसतात, एकदम सगळे रडायला लागले की आधी बॅटरी बघायची. मीटर लावला तर साडेअकरा व्होल्ट. धडधाकट बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास दाखवते, १२ म्हणजे जवळपास रिकामी, त्यामुळे साडेअकराला त्या कॉम्प्युटरांनी एकमेकांशी काय बोलायचं! वरून प्लसच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली आणि क्लॅम्प हाताने फिरतोय. आधी मायनस सोडला, मग प्लस, सोड्याच्या गरम पाण्याने घासलं, कोरडं केलं, घट्ट आवळलं, निकम सरांच्या गाडीवरून जंप दिला. इंजिन चालू असताना टर्मिनलवर सव्वाचौदा व्होल्ट आले म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर पण ठीक. कोड पुसले, सगळे लाईट गेले.

काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. आनंद नाही, चक्क निराशा. "एवढंच?" म्हणाले. लाखाची मानसिक तयारी केलेल्या माणसाला सोड्याचं पाणी म्हणजे अपमान वाटतो हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी ते दुसऱ्या एका मेकॅनिकला दाखवून आले. त्यानेही बॅटरीच सांगितली पण नवीन घ्यायला लावली, तेव्हा कुठे काकांना बरं वाटलं.

मग गायधनी वहिनी. त्यांची केस मात्र खरी. चढाला गाडी थरथरते, पिकअप नाही, आणि चेक इंजिनचा लाईट नुसता लागत नाही तर लुकलुकतो. हे लुकलुकणं वेगळं बरं का. लाईट स्थिर असेल तर चार दिवसांत दाखवलं तरी चालतं, पण लुकलुकला म्हणजे गाडी मिसिंग मारतेय, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाहीये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाईनीतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आणि त्या कन्व्हर्टरची किंमत ऐकली तर आपण लुकलुकायला लागू. मी हे सगळं वहिनींना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते राहू दे, मला भिशीला जायचंय, तेवढा लाईट घालवून द्या ना."

हेच. हेच माझं दुखणं आहे. आजवर एकाही माणसाने मला 'गाडीला काय झालंय' असं विचारलेलं नाही. सगळ्यांना लाईट घालवायचा असतो. ॲपमध्ये कोड पुसायचं बटण असतं आणि लोकांना त्या अख्ख्या तंत्रज्ञानातलं तेवढंच आवडतं.

पुसला. वहिनी नाशिकच्या मुंबई नाक्यापर्यंत पण पोचल्या नाहीत, परत लुकलुक. मग आल्या बिचाऱ्या परत. कोड होता पी-०३०२. यातला ३ म्हणजे इग्निशन किंवा मिसफायरचा प्रकार आणि शेवटचा २ म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर. आता ठिणगी पाडणारा प्लग खराब, त्याला करंट देणारी कॉइल खराब की पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, हे कोड सांगत नाही, तो फक्त कुठे दुखतंय ते सांगतो. पण यावर एक फुकटची टेस्ट आहे आणि ती मला फार आवडते. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर वेगळी कॉइल असते, एक बोल्ट आणि एक कनेक्टर. इंजिन थंड झाल्यावर दोन नंबरची कॉइल काढून तीनवर लावायची, तीनची दोनवर. गाडी चालू करायची. मिसिंग दोनवरच राहिलं तर कॉइल निर्दोष, तीनवर गेलं तर चोर सापडला. मी अदलाबदल केली, चालू केली, आणि स्क्रीनवर आलं पी-०३०३! मला एवढा आनंद झाला की मी टाळी वाजवली. वहिनींनी लगेच मिस्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

तिकडून गायधनी म्हणतात, "म्हणजे आधी दोन नंबर खराब होता, आता तुम्ही तीन पण घालवला?"

मी समजावलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "ठीकाय, पण आधी एकच खराब होता ना?" नवीन कॉइल मागवून लावली, गाडी आज मख्खन चालते, तरी गायधनी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघतात त्या नजरेत तो तीन नंबर अजून आहे.

उंदरांच्या केसेस मी घेत नाही. पावसाळ्यात नाशिकमधल्या निम्म्या गाड्यांच्या वायरी उंदीर खातात आणि त्यावर प्रत्येकाचा स्वतःचा इलाज असतो, डांबरगोळ्या, तंबाखूच्या पुड्या, फिनेल, कोंबडीची जाळी. एकाने बॉनेटमध्ये एवढी तंबाखू ठेवली होती की एसी लावला की चुना मागावासा वाटायचा. उंदीर तंबाखूच्या पुडीवर बसून वायर खाताना बघितलेत लोकांनी. पुढचा विषय.

सोनवणेंची डिझेल एसयूव्ही, बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची. घेतली मोठ्या हौसेने आणि चालते कुठे, तर घर ते जिम. व्यायामाला गाडीने जायचं आणि तिथे जाऊन चालण्याच्या पट्ट्यावर चालायचं, हे मला आजवर झेपलेलं नाही, पण ते असो. यांचा डीपीएफचा लाईट लागला. सायलेन्सरच्या लाईनीत काजळी अडवायची एक जाळी असते, तिलाच डीपीएफ म्हणतात, ती भरत आली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल टाकून तिथलं तापमान सहाशे डिग्रीच्या घरात नेते आणि काजळी जाळून टाकते. पण त्याला सलग गाडी चालायला लागते. गाडी गरम व्हायच्या आत जिम आलं तर जाळणार कधी? मी सांगितलं, काही दुरुस्त करू नका, हायवेला लागा, एकसारख्या स्पीडने वीस-पंचवीस मिनिटं चालवा, मध्ये थांबू नका. सोनवणे लगेच तयार. घोटीच्या बाजूला गेले, लाईट गेला, येताना मिसळ. पुढच्या रविवारी परत घोटी, परत मिसळ. लाईट नसताना सुद्धा! बायकोला सांगतात, डीपीएफ आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. परवा मिसेस सोनवणेंनी मला जिन्यात गाठून विचारलं, हे डीपीएफ बरं होतं की जन्मभर असतं. मी काय बोलणार, जन्मभर असतं म्हणालो. खोटं नाहीये ते.

हे सगळं चाललं असतं. पण मग नातेवाईक आले.

बायकोचे मामा येवल्याचे. त्यांना आपली जुनी पेट्रोल गाडी विकायची होती आणि माझ्या साडूला घ्यायची होती, म्हणजे घरातल्या घरात. साडू मला म्हणाला, चल, डबी घेऊन चल. मी नको म्हणत होतो. गेलो. मामींनी पोहे केलेले, मामा म्हणाले, "जावईबापू, गाडीचं एक काम नाही, वर्षभर गॅरेजचं तोंड बघितलं नाही."

आधी मी चावी नुसती ऑन करून बघितलं, इंजिन चालू न करता. तेव्हा चेक इंजिनचा लाईट लागायला पाहिजे, नसेल लागत तर कुणीतरी दिवाच काढलाय किंवा वर पट्टी चिकटवलीय असं समजायचं. लागला. मग डबी लावली. एकही कोड नाही. मामा खूश. साडू खूश. मी तिथेच डबी काढली असती तर आज मामांच्या घरी मला मान असता. पण मला खाजवतं ना, मी पुढचं पान उघडलं. गाडी स्वतःच्या एकेका सिस्टीमची अधूनमधून परीक्षा घेत असते आणि निकाल लिहून ठेवते, इथे सगळे निकाल 'अपूर्ण'. कोड पुसला की हे निकाल पण पुसले जातात. आणि त्याच्या खाली अजून एक ओळ असते, कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याची. ती होती ४ किलोमीटर.

साडूने माझ्या खांद्यावरून वाचलं. मोठ्याने वाचलं. मामींच्या हातात पोह्यांची दुसरी डिश होती ती त्या परत आत घेऊन गेल्या. हायवेवरचं गॅरेज मामांच्या घरापासून किती लांब आहे हे तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं.

विषय बदलायला म्हणून मी लाईव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे आकडे, उघडला तर खरा आजार पण दिसला. नुसत्या आयडलवर, म्हणजे रेस न देता, गाडी स्वतःहून पंचवीस टक्के जास्त पेट्रोल ओतत होती, रेस करून अडीच हजार आरपीएमला नेली की ते खाली यायचं. याचा अर्थ कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय आणि तिच्या जोडीला गाडी जास्तीचं पेट्रोल टाकतेय. आयडलला मुळात हवा कमी लागते म्हणून तिथे ती चोरी मोठी दिसते, रेस केल्यावर भरपूर हवेत ती लपून जाते. कान देऊन ऐकलं तर इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेकच्या मागे बारीक सुस्स आवाज, रबरी व्हॅक्युमचा पाईप तडकलेला. पुसलेला कोड पी-०१७१ असणार, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ. पाईप काही शेकड्यांचा. मी म्हणालो, मामा, अगदी किरकोळ काम आहे, टाकून घ्या. मामा म्हणाले, "गाडीत काही नाहीच आहे, तुमच्या डबीत आहे."

व्यवहार राहिला. पुढे एका साखरपुड्यात मामांनी मला बघून तोंड फिरवलं.

आणि परवा रात्री त्यांचाच फोन. आवाज एकदम गोड. "जावईबापू, ते चार किलोमीटरचं जे दाखवतं ना, ते कसं घालवायचं हो?"

म्हटलं मामा, ते घालवायचं नसतं, गाडी चालवली की आपोआप वाढतं.

"तेच तर करतोय! पोराने तसलीच डबी मागवली, कोड पुसला, आणि शिर्डीला जाऊन आलो मुद्दाम किलोमीटर वाढवायला. जाताना काही नाही, येताना कोपरगावच्या पुलावर लाईट लागला."

"मग?"

"मग परत पुसला. तर ते परत शून्य झालं ना! काल परत गेलो. परत पुलावर. बाबांचं दर्शन झालं दोनदा पण किलोमीटर काही टिकेना."

मी हिशोब केला, त्यांनी आत्तापर्यंत जाळलेल्या पेट्रोलमध्ये तो पाईप सहज आला असता. तसं म्हणालो पण. पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

"म्हणजे दुरुस्तच करायची म्हणताय?" मामा म्हणाले. "बघतो. उद्या गुरुवार आहे, एकदा जाऊन येतो शिर्डीला, मग ठरवू."