शालूच्या उलट्या बाजूबद्दल खुलासा

"बनारसी शालूला आतून धाग्यांची टोकं दिसली तर तो नकली," हा मेसेज सध्या सांगलीत लग्नाच्या बस्त्याच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा मीही तो पुढे ढकलला होता, चूक माझीच. दोन्ही बाजू सारख्या ही खूण हातमागाच्या पैठणीची. बनारसीत 'फेकवा' नावाच्या विणीत जरीचा धागा कापडाच्या पूर्ण पन्हाभर जातो आणि बुट्ट्यांमधले मोकळे धागे नंतर कापतात. काल फॉल लावताना काकूंचा जुना शालू उलटला, तर प्रत्येक बुट्टीभोवती दाढीच्या खुंटांसारखी जरीची टोकं! 'कढुआ' या बनारसीच्याच दुसऱ्या विणीत प्रत्येक बुट्टी सुटी विणतात, तिथे अशी कापलेली टोकं नसतात. आणि यंत्रमागावरही धागे कापतातच, त्यामुळे टोकं दिसली म्हणजे हातमागाचाच, असं उलटंही समजू नका. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.